कुरत्तीच्या तोंडी भूगोल

१८०१च्या जानेवारीत तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र पाठवलं. धर्मादाय संस्थांचा इतिहास लिहिणारे या पत्रातले उतारे आवडीने देतात आणि 'आपल्याकडे सगळं होतंच' असं म्हणून पुढे जातात. मला ते पत्र दुसऱ्या कारणासाठी परत परत वाचावंसं वाटतं. गरीब मुलखाचा विकास करायचा तर तिथल्या लोकांच्या रीतीभातींचं काय करायचं, हा प्रश्न आज परिसंवादांत आणि अहवालांत सारखा विचारला जातो. हे पत्र त्याच प्रश्नाला दिलेलं एक जुनं आणि अतिशय चतुर उत्तर आहे. आणि ते एक अर्ज आहे, हे विसरून चालणार नाही.

१७९९च्या ऑक्टोबरातल्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला राहिला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. रामेश्वराच्या वाटेवर भोसले घराण्याने जागोजागी छत्रं बांधली होती, त्यातली बरीचशी राण्यांच्या नावांची. त्यांना गावं आणि शेतं लावून दिलेली होती. आता शेतसारा कंपनीचा झाल्यावर या छत्रांना कोण पोसणार? ती आपल्याकडेच राहावीत, म्हणून सरफोजींनी लेखणी उचलली.

पत्रातला तपशील वाचण्यासारखा आहे. छत्रात येईल त्याला, ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सगळ्यांना शिजवलेला भात मिळतो. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा मिळतो. हे मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा वाजवून पुकारा होतो की कुणी जेवायचं राहिलं असेल त्याने यावं. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्याचं जेवण. गरोदर बाईची सोय. पाठशाळा. वाटेत पोरकं झालेलं मूल पंतोजींच्या हवाली केलं जातं, त्याला दिवसातून तीनदा जेवायला घालतात आणि चार दिवसांतून एकदा तेल लावून न्हाऊ घालतात. कुणी मेलाच तर त्याच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे क्रिया होते. या सगळ्यामुळे तंजावरला 'धर्मराज्य' म्हणतात आणि आपल्या बिरुदांत हे बिरुद आपल्याला सर्वांत मोठं वाटतं, असं राजा लिहितो.

'चार दिवसांतून एकदा तेल' ही ओळ वाचताना मी दर वेळी थांबते. कुठल्याही मोठ्या तत्त्वाला न सुचणारी ही गोष्ट आहे. पोरक्या मुलाच्या डोक्याला तेल लावायला कुणीतरी असावं लागतं, हे ज्याला कळतं त्याला पोरकेपण कळतं. नीती म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर या एका तपशिलाकडे बोट दाखवता येईल.

इथे शब्दाविषयी थोडं विषयांतर. मूळ संस्कृत शब्द 'सत्र', म्हणजे बरेच दिवस चालणारा यज्ञ. त्यावरून अन्नसत्र. मराठीने त्याचं अन्नछत्र केलं, यज्ञाची छत्री झाली, तमिळमध्ये सत्तिरम. आणि आज मराठीत 'सत्र' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते चर्चासत्र: उद्घाटनाचं सत्र, समारोपाचं सत्र, मधे चहा. विकासात स्थानिक संस्कृतीचं स्थान काय, यावर असली सत्रं पुष्कळ होतात. त्यांतल्या एकाही सत्रात मध्यरात्री घंटा वाजवून कुणी राहिलंय का ते विचारलेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

पत्राकडे परत येऊ. सरफोजी त्या वेळी तेवीस-चोवीस वर्षांचे होते, ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले. युरोपियन माणसाला काय पटतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून पत्रात रुग्णसेवा आहे, शाळा आहे, अनाथ मुलं आहेत. पितरांना पोचणाऱ्या पुण्याला त्या मानाने फारशी जागा नाही. छत्राचे सगळे खांब राजाने दाखवले, पण उजेड कुठल्या खांबावर पाडायचा ते नीट ठरवून. अनुवादक म्हणून मला यात गैर काही दिसत नाही, हे आम्ही रोज करतो. आपल्यापर्यंत पोचणारा मजकूर इंग्रजीत आहे, आणि त्या इंग्रजीत 'धर्म' या शब्दाचं एकीकडे दानधर्म होतं, तर दुसरीकडे 'धर्मराज्य' तसंच्या तसं राहतं. राजाला जिथे स्वतःची गोष्ट सांगायची आहे तिथे तो शब्द भाषांतराला अडून बसलेला आहे.

पण एक माणूस या पत्रात कुठेच नाही. भात कुठून येतो? छत्राच्या गावांतून. ती शेती करतं कोण? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात त्या काळी शेतमजुरीचा मोठा भाग वेठीचा, पिढीजात बांधलेल्या परैयर आणि पळ्ळर कुटुंबांचा होता. गुलामगिरीला कायद्याने मान्यता न देण्याचं कंपनी सरकारने ठरवलं ते पुढे १८४३मध्ये. वाटसरू म्हणून दारात आलेला परैयन राजाला दिसतो आणि त्याला पोटभर भात मिळतो. त्याच गावच्या चिखलात वाकलेला परैयन पत्रात येत नाही. १८०१च्या राजाला मी आजच्या फूटपट्टीने मोजत नाही. मला फक्त एवढं नोंदवायचं आहे की 'आमची संस्कृती अशी आहे' असं सांगणारा कागद कुणी लिहिला आणि कुणापुढे ठेवला, हे पाहिल्याशिवाय ती संस्कृती कळत नाही.

दुसरे कागदही आहेत. तंजावर दरबाराचा कारभार मोडी लिपीत चालायचा आणि त्याची बाडंच्या बाडं उरली आहेत: खर्च, पगार, शिधा, इनामं. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३मध्ये कोरलेलं भोसले वंशाचं चरित्र बघायला मराठी पर्यटक हमखास जातात, देवनागरी अक्षरं बोटाने लावून वाचतात, अभिमानाने फोटो काढतात. त्याच घराण्याचे जमाखर्च मात्र आपण वाचत नाही. ते वाचले तमिळ अभ्यासकांनी. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह तीन खंडांत छापले. मराठी माणसाला तंजावरच्या मराठ्यांच्या स्वयंपाकघरात डोकवायचं असेल तर आज तमिळमधून जावं लागतं. या नियतकालिकाच्या वाचकांना असल्या उलट्या प्रवासाचं नवल वाटणार नाही. मला मात्र थोडी लाज वाटते.

सरफोजींनी लिहिलेलं, किंवा त्यांच्या नावावर असलेलं, एक मराठी नाटक आहे: 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात कुट्रालमची कुरवंजी सर्वांत गाजलेली. साचा ठरलेला असतो. नायिका देवाला किंवा राजाला मिरवणुकीत पाहते आणि झुरू लागते. मग डोंगरातली कुरत्ती येते, कुरवर जमातीची, हात बघून भविष्य सांगणारी. ती आपल्या डोंगराचं वर्णन करते, पालथे घातलेले मुलूख सांगते, नायिकेचा हात बघते, तो तुला मिळेल म्हणते आणि बिदागी घेऊन निघते. खुद्द सरफोजींना नायक करून शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये 'सरबेंद्र भूपाल कुरवंजी' लिहिली. ती मोठ्या देवळात नाचली जायची. 'देवेंद्र कुरवंजी'त राजाने हाच साचा उचलला आणि कुरत्तीच्या 'मी पाहिलेले मुलूख' या भागात नवा माल भरला. इथली कुरत्ती पृथ्वीवरचे खंड, देश आणि शहरं सांगते. युरोपियन पुस्तकांतला भूगोल, मराठी पदांत, तमिळ नाट्यप्रकारात.

युक्ती म्हणून ही कमालीची सुंदर आहे. नव्या ज्ञानासाठी नवा मंच उभारायचा नाही, लोकांना ज्या सुरात ऐकायची सवय आहे त्यातच ते गायचं. आपल्याकडे पुढे सरकारी कलापथकांनी भारूड, वासुदेव आणि पोवाडा घेऊन कुटुंबनियोजनापासून हुंडाबंदीपर्यंत सगळं गायलं, ते याच वाटेने. विकासाच्या कामात स्थानिक संस्कृतीला मान द्या असं जेव्हा सांगतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात हेच असतं: निरोप आपला, आवाज त्यांचा.

माझी अडचण इथेच सुरू होते. कुरत्ती सांगते ते जग तिच्या पायाखालून गेलेलं नाही, ते शाळेतल्या नकाशावरचं आहे. एकनाथांच्या भारुडातही महार आणि कैकाडीण बोलतात, आणि त्यांच्या तोंडी नाथांचा वेदान्त असतो, हे खरं. पण तिथला महार ब्राह्मणाला उलट जाब देतो, भूमिकेला थोडी धार राहते. कुरत्तीच्या भूगोलाला ती धार नाही. तिला स्वतःला कुठला भूगोल ठाऊक होता, हे राजाने विचारलेलं नाही.

आणि तिला तो चांगलाच ठाऊक होता. मीना राधाकृष्ण यांचं 'डिसऑनर्ड बाय हिस्टरी' हे २००१चं पुस्तक मद्रास इलाख्यातल्या कोरवा लोकांविषयी आहे. कोरवा, कुरवर, येरुकुला ही एकाच जमातसमूहाची प्रदेशागणिक बदलणारी नावं. हे लोक किनाऱ्यावरचं मीठ जनावरांच्या पाठीवर लादून आत न्यायचे आणि तिकडून धान्य आणायचे. कुठल्या घाटातून पावसाळ्यात जाता येतं, कुठल्या गावात मीठ संपत आलंय, कुठे चारा आहे, हे त्यांना माहीत असायला लागायचं. त्यावरच तर पोट. एकोणिसाव्या शतकात कंपनीने आणि पुढे सरकारने मिठाचा कारभार स्वतःच्या हातात घट्ट धरला, सडका झाल्या, रेल्वे आली. अहवालांच्या भाषेत हा विकासच होता. जनावरांवरचा मिठाचा व्यापार त्यात बुडाला. मग धंदा नसलेले हे फिरस्ते लोक पोलिसांच्या डोळ्यांवर आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात त्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणलं गेलं. त्यांना सुधारण्यासाठी वसाहती उघडल्या, त्यांतल्या काही मुक्तिफौजेकडे चालवायला दिल्या. वसाहतीतून बाहेर पडायला परवाना लागे. जिच्या तोंडी राजाने सगळ्या पृथ्वीचा भूगोल घातला, तिच्या नातवंडा-पतवंडांना शेजारच्या गावी जायला पास काढावा लागला.

याची मराठी बाजूही आहे. आपले कैकाडी याच समूहाचे मानले जातात, त्यांची भाषा तमिळच्या गटातली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८०मध्ये आलं तेव्हा कैकाड्यांचा भूगोल पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून छापील मराठीत उतरला: गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणं, गावकुसाबाहेरची पालं, कुठल्या गावचा पाटील कसा. 'देवेंद्र कुरवंजी'शेजारी 'उपरा' ठेवून कुणी शिकवतं का, मला कल्पना नाही. शिकवायला हवं. एका पुस्तकात भटक्या बाईच्या आवाजात राजा बोलतो, दुसऱ्यात भटका बोलतो. दोन्हींत मुलूख सांगितलेले आहेत.

अनुवादक म्हणून पोटापाण्यासाठी मी संस्थांचे वार्षिक अहवालही मराठीत करते. त्यांत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे 'लाभार्थी'. लाभाची इच्छा धरणारा. इंग्रजी शब्दात निदान लाभ झालेला तरी असतो, मराठीत माणूस अजून इच्छेतच अडकलेला आहे. २०१७मध्ये महाराष्ट्र सरकारने 'होय, मी लाभार्थी' अशी जाहिरातींची मालिका काढली. जाहिरातीत शेतकरी आणि बाया कॅमेऱ्याकडे बघून योजनेची माहिती देत होते, फायदे सांगत होते. लोकांनी त्या वाक्याची यथेच्छ टिंगल केली, ती राजकारणापोटी केली असं म्हणून सोडून देता येईल. मला वाटतं कानाला काहीतरी खटकलं होतं. साधा माणूस साध्या वेषात, आणि तोंडी मंत्रालयाचं वाक्य. दोनशे वर्षांनंतर तीच कुरत्ती, फक्त पदं वाईट.

अमर्त्य सेन यांनी 'डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम'मध्ये याविषयी एक स्वच्छ मुद्दा मांडला आहे. परंपरा आणि आर्थिक प्रगती यांच्यात ओढाताण झाली तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते त्या लोकांनीच ठरवावं, बाहेरच्या तज्ज्ञाने नाही आणि आतल्या धर्ममार्तंडानेही नाही. याच्याशी कोण वाद घालेल? मात्र ठरवायला बसायचं तर बसायला जागा हवी, बोलून झाल्यावर घरी सुखरूप परतता यायला हवं. तंजावरच्या पुढच्या इतिहासात नेमकं तेच नव्हतं.

१९६०-६१मध्ये फोर्ड प्रतिष्ठानच्या मदतीने सघन शेतीचा जिल्हावार कार्यक्रम सुरू झाला. लोक त्याला पॅकेज प्रोग्रॅम म्हणत. सुधारित बियाणं, खत, कर्ज आणि सल्ला हे सगळं एकत्र द्यायचं. सुरुवातीला सात जिल्हे, आणि त्यांत तंजावर. पाण्याची खात्री असलेला जिल्हा निवडला, हिशेब सरळ होता. साठीच्या मध्यावर अडुतुरैच्या संशोधन केंद्रातून आलेलं एडीटी-२७ हे कमी दिवसांचं भाताचं वाण झपाट्याने पसरलं आणि वर्षात दोन पिकं घेणं पुष्कळांना जमू लागलं. जपानच्या जमीनसुधारणांत मोठा वाटा असलेले वुल्फ लाडेजिन्स्की या पॅकेज जिल्ह्यांत कुळांची स्थिती पाहायला आले होते. त्यांचा अहवाल नियोजन आयोगाने १९६५मध्ये छापला. कुळाचा हक्क तोंडी, कागदावर नोंद नाही, केव्हाही काढून टाकता येईल, अशा माणसाच्या हातात खताची पिशवी देऊन तो कशाला जमीन सुधारेल, असा त्यांचा एकूण सूर. अहवाल छापला गेला, त्यापलीकडे फारसं काही झालं नाही. कुळाखालचा मजूर तर कार्यक्रमाच्या आखणीत जवळजवळ नव्हताच. १८०१च्या पत्रातही तो नव्हता.

पीक वाढलं, कापणीला एकदम हात लागू लागले, लाल बावट्याखाली मजूर संघटित होते, आणि त्यांनी मजुरीत वाढ मागितली. पूर्व तंजावरातल्या त्या मागणीची आठवण आजही 'अर्धी पडी भात' अशी सांगतात. जमीनदारांनी भात उत्पादक संघ काढला आणि बाहेरगावचे मजूर आणले. २५ डिसेंबर १९६८च्या रात्री कीळवेण्मणी गावात दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसऱ्याला शिरलेली माणसं जाळून मारली गेली. सर्वमान्य आकडा ४४ आहे. बहुतेक बाया, मुलं, म्हातारी माणसं. खालच्या कोर्टाने जमीनदारांना दिलेली शिक्षा उच्च न्यायालयात टिकली नाही. मोटारी बाळगणारी इतकी प्रतिष्ठित माणसं स्वतः चालत जाऊन आग लावतील हे पटण्याजोगं नाही, अशा आशयाचा युक्तिवाद त्या निकालात आहे. नंतर शेतमजुरांना रास्त मजुरी देणारा १९६९चा कायदा आला. केंद्रीय गृहखात्यानेही त्याच वर्षी शेतीतल्या तणावांवर अहवाल केला. हरित क्रांतीची आकडेवारी देणाऱ्या पाठ्यपुस्तकांत हे गाव सहसा सापडत नाही.

साहित्यात मात्र ते आलं, आणि तिथेही प्रश्न तोच: सांगतंय कोण? इंदिरा पार्थसारथी यांची 'कुरुदिप्पुनल' ही कादंबरी १९७५ची. लेखक पुरुष आहेत, बायकोचं नाव आपल्या नावापुढे लावणारे. कुंभकोणमला वाढलेले, दिल्लीत तमिळ शिकवणारे. १९७७चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. गोपाल आणि शिवा हे दोघे दिल्लीहून गावात येतात, त्यांच्या नजरेतून गोष्ट कळते. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसाला गावातली हिंसा दिसते पण हाती लागत नाही, हे कादंबरीने प्रामाणिकपणे दाखवलं आहे. मात्र जमीनदाराच्या क्रौर्याचं मूळ ती त्याच्या नपुंसकतेत शोधते. डाव्या समीक्षकांनी तेव्हाच यावर झोड उठवली, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. अर्ध्या पडीचा हिशेब मनोविश्लेषणाने सुटत नाही. दिल्लीच्या पाहुण्यांच्या पिशवीत जे अवजार होतं त्याने त्यांनी जखम तपासली.

मधल्या काळात 'डेल्टा' हाच एक सांस्कृतिक शब्द झाला. मन्नारगुडीच्या परिसरातल्या मिथेन प्रकल्पाविरुद्ध गावोगाव फिरणारे जी. नम्माळ्वार हे मूळचे शेतीशास्त्रज्ञ, सरकारी नोकरी सोडलेले, तंजावर जिल्ह्यातच जन्मलेले. २०१३च्या डिसेंबरात ते गेले, तेही याच फिरतीत. पुढे विरोध वाढत गेला, आणि २०२०मध्ये राज्य सरकारने कावेरीच्या खोऱ्याला संरक्षित शेती क्षेत्राचा दर्जा देणारा कायदा केला. तेल आणि वायूच्या नव्या विहिरींना बंदी. आधीपासून चालू असलेलं तसंच चालू. या आंदोलनाचं मोल मी कमी मानत नाही. जमीन गेली तर वाद घालायला काही उरणारच नाही. तरी 'भाताचं कोठार', 'शेतकऱ्याची संस्कृती' हे शब्द ऐकताना कान टवकारतात. कोठार कुणाचं, हे विचारल्यामुळेच १९६८मध्ये माणसं मेली होती. नम्माळ्वारांना याची जाण होती असं त्यांच्या साध्या राहणीवरून वाटतं. त्यांचं नाव घेणाऱ्या सगळ्यांना ती आहे असं वाटत नाही.

मीना कंदसामी यांची 'द जिप्सी गॉडेस' ही इंग्रजी कादंबरी २०१४ची, कीळवेण्मणीवरच. जिप्सी गॉडेस म्हणजे कुरत्ती अम्मन. हे कळलं तेव्हा 'देवेंद्र कुरवंजी' माझ्या टेबलावर उघडीच होती, हा निव्वळ योगायोग. पण योगायोगाने का होईना, ज्या मुलखात राजाने कुरत्तीला भूगोल पढवला, त्याच मुलखात ती देवी होऊन एका हत्याकांडाच्या पुस्तकावर बसली आहे.

ही कादंबरी मला पूर्णपणे आवडते असं नाही. लेखिका वाचकाशी सतत हुज्जत घालते, कादंबरी कशी लिहावी यावर पानंच्या पानं खर्च करते, कधी कधी त्यात गाव मागे पडतं. पण सुरुवातीलाच तिने एक फार नेमकी गोष्ट केली आहे. जमीनदारांच्या संघाच्या अध्यक्षाचं मुख्यमंत्र्यांना लिहिलेलं निवेदन. कम्युनिस्टांनी मजुरांना भडकवलं आहे, उत्पादन धोक्यात आहे, देशाला अन्न पुरवणाऱ्या आम्हालाच संरक्षण नाही. म्हणजे विकासाच्या बाजूने, जुन्या सलोख्याच्या बाजूने, लिहिता येणाऱ्याने वर पाठवलेला अर्ज. सरफोजींच्या पत्रात आणि यात नीतीच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे, त्यांना एका पारड्यात घालणं अन्याय होईल. तरी रचना तीच आहे: आमच्या भागात सगळं रीतीने चाललं होतं, आपण कृपा करावी.

स्वतःच्या समाधानासाठी मी त्यातली काही पानं मराठीत करून पाहते आहे. निवेदन अर्ध्या दिवसात झालं. 'सविनय सादर', 'सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो', 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. मोडीच्या काळापासून ती मराठी घासून गुळगुळीत तयार आहे. अडले ते मजुरीशी. पडी हे माप आपल्याकडे नाही. अर्धी पायली म्हणजे अधोली, हा शब्द जिभेवर येतो, कानाला गोडही लागतो. पण पायली पडीपेक्षा मोठी, आणि अधोली लिहिलं तर मजुरांनी मागितलं त्याहून जास्त मागितलं असं होईल. जमीनदारांचाच आरोप मी त्यांच्यावर केल्यासारखं. म्हणून 'अर्धी पडी' तशीच ठेवली आहे.

आगीचं प्रकरण अजून झालेलं नाही. ते इंग्रजीत एका सलग, पूर्णविराम नसलेल्या वाक्यात आहे. शीर्षक दंडसंहितेतल्या कलमाच्या भाषेतलं, 'मिस्चिफ बाय फायर'. कलम ४३६. त्याचा अधिकृत मराठी मसुदा काढून पाहिला. घर वगैरे नष्ट करण्याच्या उद्देशाने आगीच्या द्वारे केलेल्या कृत्याला कायद्याच्या मराठीत शब्द आहे 'आगळीक'. माझी आजी शेजारच्या पोराने न विचारता पेरू तोडला की हा शब्द वापरायची. मी तो शीर्षकात लिहिला, खोडला, आणि पुन्हा लिहिला आहे.